कुत्रीच्या नसबंदीत लोकल भूल: किती, कुठे, कधी

परळ, शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर, यांपैकी कुठूनही पशुवैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडा, तुमच्या हातात येणारी पहिली पोटाची शस्त्रक्रिया बहुधा भटक्या कुत्रीची नसबंदी, म्हणजे अंडाशयं आणि गर्भाशय काढणं, असते. केंद्रात रोज पिंजरे भरून कुत्री येतात, टेबल रिकामं ठेवायला कुणाला आवडत नाही. नवा डॉक्टर आधी टाके शिकतो, मग वेग शिकतो. वेदनेचा विषय मात्र 'मेलॉक्सिकॅम (वेदनाशामक) दिलंय ना?' एवढ्यावर आटोपतो. लिग्नोकेनची, म्हणजे तेवढीच जागा बधिर करणाऱ्या 'लोकल' औषधाची बाटली कपाटात असते, ती जखम शिवायला नाहीतर गाईची शिंगं काढायला बाहेर येते.

नसबंदीत लोकल का देत नाही असं विचारलं तर दोन उत्तरं मिळतात. एक, वेळ नाही. दोन, झोपलीये ना ती, तिला काय कळतंय. वेळेचं पुढे बघू, कारण नीट क्रम लावला तर लोकलला वेगळा वेळ लागत नाही. दुसऱ्या उत्तराचा समाचार आधी घ्यायला हवा.

झोपलेल्या कुत्रीला काय कळतं

आपल्याकडच्या बहुतेक केंद्रांत भूल म्हणजे झायलाझीन आणि केटामीन, सोबत कधी डायझेपाम, कधी ब्युटॉरफॅनॉल हे वेदनाशामक. झायलाझीन वेदना कमी करतं हे खरं, पण तो परिणाम साधारण अर्ध्या तासात ओसरतो. गुंगी मात्र तास-दीड तास टिकते. म्हणजे कुत्री शांत पडून आहे, एवढ्यावरून तिला दुखत नाही असं म्हणता येत नाही. केटामीन कातडी आणि स्नायूंच्या वेदनेवर चांगलं चालतं, आतल्या अवयवांची ओढ त्याला तेवढी आवरत नाही. आणि नसबंदीत सगळ्यात जास्त दुखतं ते आतच.

पुढच्या वेळी टेबलाशी उभे असाल तेव्हा सर्जनकडे न बघता कुत्रीच्या छातीकडे बघा. कातडीला छेद दिला, श्वास जवळपास तसाच. गर्भाशयाचं शिंग, म्हणजे त्याची एक फांदी, हुकाने वर आणलं, तरी फारसा फरक नाही. मग बोट आत जातं, अंडाशयाला धरून ठेवणारा दोरीसारखा लिगामेंट ताणला जातो, आणि त्या क्षणी श्वास भराभर होतो, नाडी उडायला लागते, एखादी कुत्री मागचा पाय आखडते. उजवं अंडाशय डाव्यापेक्षा पुढे आणि खोल असतं, त्यामुळे तिकडे ओढ जास्त लागते. 'भूल हलकी झालीये, अजून केटामीन द्या' असं आपण ओरडतो ते नेमकं याच वेळी. वेळेवर लोकल गेलेलं असेल तर बऱ्याचदा तो वाढीव डोस वाचतो, आणि कुत्री लवकर शुद्धीवर येते.

मेंदू झोपला तरी नसा जाग्या असतात. त्या मज्जारज्जूकडे सतत संदेश पाठवत राहतात आणि मज्जारज्जू हळूहळू चिडखोर होतो. मग शुद्धीवर आल्यावर साधा स्पर्शही टोचतो. लोकल ॲनेस्थेटिक नसेतले सोडियमचे मार्ग बंद करतं आणि संदेश निघतो तिथेच अडवतं. म्हणून ते छेदाआधी गेलं तर जास्त कामाचं. सुजलेल्या, आम्लधर्मी झालेल्या जागी ते कमी चालतं.

दोन औषधं, दोन स्वभाव

लिग्नोकेन दोन टक्के: दोन-पाच मिनिटांत चढतं, तास-दोन तासांत उतरतं. ब्युपिव्हॅकेन अर्धा टक्का: चढायला दहा-पंधरा मिनिटं, कधी वीससुद्धा, पण चार ते सहा तास टिकतं. रोपिव्हॅकेन मिळत असेल तर ब्युपिव्हॅकेनसारखंच वापरता येतं आणि हृदयाला थोडं कमी त्रासदायक आहे. बहुतेक ठिकाणी पहिली दोनच सापडतात, ती पुरतात. किमतीचं म्हणाल तर वडापावच्या पैशांत एका कुत्रीचा डोस निघतो.

ब्युपिव्हॅकेनबद्दल तीन गोष्टी पाठच करा. ते शिरेतून कधीही द्यायचं नाही, हृदयाची लय बिघडवतं आणि बिघडलेली लय सहज परत येत नाही. औषधाच्या दुकानात 'हेवी' लिहिलेली छोटी काचेची अँप्यूल मिळते, ती माणसांच्या पाठीच्या कण्यातल्या भुलीसाठी असते, तिच्यात डेक्स्ट्रोज असतं. आपल्याला साधी व्हायल हवी. आणि तिसरी, लिग्नोकेन-ब्युपिव्हॅकेन एकाच सिरिंजमध्ये मिसळू नका. 'लवकर चढेल आणि खूप टिकेल' या आशेने जुने लोक मिसळायचे. प्रत्यक्षात दोन्ही पातळ होतात आणि ब्युपिव्हॅकेनचा टिकाऊपणा घटतो. दोन्ही वापरायची असतील तर वेगळ्या सिरिंजमध्ये, वेगळ्या जागी.

लिग्नोकेनची बाटली ॲड्रेनलिनवाली आहे की साधी, हे लेबल वाचून बघा. या कामाला साधी पुरते.

हिशेब

इथे अंदाजपंचे चालत नाही. वजन करायचंच. पिंजऱ्यातली कुत्री काट्यावर उभी राहणार नाही हे मान्य, पण गुंगी चढल्यावर कुणीतरी तिला उचलून काट्यावर उभं राहायचं आणि त्याचं वजन वजा करायचं, एवढं तर होतं. 'पंधरा किलोची दिसते' म्हणून उचललेली हाडकुळी कुत्री अकरा किलोची निघते, आणि चूक नेमकी धोक्याच्या बाजूला झालेली असते.

टक्क्यांचा हिशेब सोपा: टक्क्याला दहाने गुणा, एका मिलीत किती मिलिग्रॅम ते मिळालं. दोन टक्के म्हणजे मिलीला २० मिलिग्रॅम, अर्धा टक्का म्हणजे मिलीला ५.

कुत्र्यांसाठी मी धरते त्या कमाल मर्यादा अशा: लिग्नोकेन किलोला ५ मिलिग्रॅम, ब्युपिव्हॅकेन किलोला २ मिलिग्रॅम. ही मर्यादा एका जागेची नाही, पूर्ण कुत्रीची आहे. कातडीखाली, अंडाशयावर, पोटात, जिथे जिथे टाकाल ते सगळं मिळून. आणि दोन्ही औषधं वापरणार असाल तर दोघांची विषबाधा एकमेकांत मिळते, म्हणून प्रत्येकाची निम्मी मर्यादा धरा.

बारा किलोची कुत्री घेऊ. लिग्नोकेनची पूर्ण मर्यादा ६० मिलिग्रॅम, म्हणजे ३ मिली, निम्मी १.५ मिली. ब्युपिव्हॅकेनची पूर्ण मर्यादा २४ मिलिग्रॅम, म्हणजे ४.८ मिली; निम्मी २.४ मिली. एवढंसं औषध पुरेल कसं, असं वाटतं खरं. त्याला उत्तर सलाईन. नॉर्मल सलाईनने दुप्पट करा, जागा व्यवस्थित भिजते आणि मिलिग्रॅम तेवढेच राहतात.

पिल्लं, कृश कुत्री, गाभण कुत्री आणि गर्भाशयात पू झालेली आजारी कुत्री यांना मर्यादेच्या बरंच खाली राहा. तीन किलोच्या पिल्लाला लिग्नोकेनची मर्यादा जेमतेम पाऊण मिली भरते, तिथे पाच मिलीची सिरिंज हातात घेणंच चुकीचं. एक मिलीची घ्या. इन्सुलिनची सिरिंज घेतलीत तर लक्षात ठेवा, तिच्यावर मिलीच्या नाही, युनिटच्या खुणा असतात.

मांजरीला हे आकडे लावू नका. तिची सहनशक्ती कमी, मर्यादा वेगळ्या.

टेबलावरचा क्रम

पहिलं काम सिरिंजवर नाव घालायचं. लिग्नोकेन, ब्युपिव्हॅकेन, सलाईन, तिन्ही पाण्यासारखी. मायक्रोपोरची पट्टी चिकटवून पेनाने 'लि' आणि 'ब्यु' लिहायला पाच सेकंद लागतात. ट्रेमध्ये नाव नसलेली सिरिंज दिसली की ती फेकायची, कुणी कितीही शपथेवर सांगितलं तरी.

केस काढले, पहिलं स्क्रब (जंतुनाशकाने कातडी धुणं) झालं, की लगेच छेदाच्या रेषेवर ब्युपिव्हॅकेन द्या, मग शेवटचं स्क्रब आणि ड्रेप, म्हणजे निर्जंतुक कापड. वेळेचं कोडं इथे सुटतं. औषधाला चढायला जी दहा-पंधरा मिनिटं हवीत ती तुमच्या हात धुण्यात, गाऊन घालण्यात, ड्रेप लावण्यात जातातच. ड्रेप लावल्यावर आठवण झाली तर मात्र थांबावं लागतं, आणि थांबायला कुणी तयार नसतं.

सुई २२ किंवा २३ गेजची, दीड इंची. रेषेच्या एका टोकाला कातडीखाली शिरवा, कातडीला समांतर पूर्ण आत न्या, दट्ट्या मागे ओढून बघा. रक्त आलं तर जागा बदला. नाही आलं तर सुई हळूहळू मागे घेत औषध सोडत या. बोटाखाली कातडी दोरीसारखी फुगत येते, ती फुगीर पट्टी तुमच्या छेदापेक्षा दोन्ही टोकांना थोडी पुढे गेली पाहिजे. ऐनवेळी छेद वाढवावा लागतो, आणि तेव्हा वाढवलेला तुकडा कोरा राहतो.

मधल्या रेषेतून शिरत असाल तर कातडीखाली आणि लिनिया अल्बाच्या, म्हणजे पोटाच्या स्नायूंमधल्या पांढऱ्या पट्टीच्या, दोन्ही बाजूंना मिळून सगळं संपवा. सुई तिरपी ठेवा, उभी खुपसली तर पोटात जाईल. आपल्याकडे बरीच केंद्रं कुशीतून, उजव्या बाजूने शिरतात. तिथे कातडीखाली स्नायूंचे तीन थर असतात आणि दुखणं त्या थरांत असतं. नुसती कातडी बधिर करून उपयोग नाही. अर्धं औषध कातडीखाली, अर्धं खाली स्नायूंत.

आता अंडाशय. मिसोव्हेरियममध्ये, म्हणजे अंडाशयाला धरणाऱ्या पडद्यात, सुईने लिग्नोकेन देता येतं आणि पद्धत चांगली आहे. पण त्या पडद्यात चरबी असते, चरबीत अंडाशयाची रक्तवाहिनी लपलेली असते, आणि नवख्या हाताने ती टोचली की जो गोंधळ होतो त्यात वेदनेचा विचार बाजूला राहतो. म्हणून माझा सल्ला असा: सुरुवातीला टोचू नका, ओता. शिंग वर आलं की लिगामेंट ओढायच्या आधी, दुप्पट पातळ केलेलं लिग्नोकेन एक मिली अंडाशयाच्या देठावर थेंबाथेंबाने सोडा आणि मिनिट-दोन मिनिटं हात स्थिर ठेवा. ही दोन मिनिटं फार लांब वाटतात. तेवढ्यात सुताची गाठ तयार करून ठेवा, स्वॅब मोजा. दुसऱ्या बाजूला तेच. उरलेलं एक मिली गर्भाशयाच्या मुखाजवळ, क्लॅम्प लावायच्या आधी. झाले १.५ मिली मूळ लिग्नोकेनचे. सुईची पद्धत ज्येष्ठ डॉक्टर शेजारी उभे असताना शिका.

औषध भरताना निर्जंतुकपणा मोडतो तो इथेच. मदतनिसाने बाटलीचं रबर स्पिरिटने पुसायचं, बाटली उलटी धरायची, आणि सर्जनने स्वतःच्या निर्जंतुक सिरिंजने, बाटलीला हात न लावता, औषध ओढायचं. दोघांनी एकदा रिकाम्या बाटलीवर सराव केला की जमतं.

पोट बंद करण्याआधी सलाईनमध्ये पातळ केलेलं ब्युपिव्हॅकेन दोन्ही देठांवर आणि गर्भाशयाच्या ठुंठावर ओतायची पद्धतही बरीच वापरली जाते. लहान प्राण्यांच्या पशुवैद्यकांच्या जागतिक संघटनेच्या, म्हणजे वसावाच्या वेदना-मार्गदर्शिकेतही ती आहे. ती २०१४ मध्ये आली आणि २०२२ मध्ये सुधारली गेली. करायची असेल तर हिशेब सुरुवातीलाच बदला: छेदाच्या रेषेला दिलेल्या ब्युपिव्हॅकेनमधून वाटा काढून ठेवा, वर जास्तीचं घेऊ नका. आणि ओतण्याआधी रक्तस्राव नाही याची खात्री करा, नाहीतर पातळ लालसर पाणी बघून नंतर तुमचाच जीव वरखाली होईल.

एपिड्युरल (पाठीच्या कण्यातून दिलेली भूल) आणि सोनोग्राफीवर बघून पोटाच्या स्नायूंच्या थरांमध्ये दिला जाणारा टॅप ब्लॉक या दोन्ही उत्तम गोष्टी आहेत. पण रोज रांगेने नसबंद्या करणाऱ्या केंद्रात नवख्याने त्यांच्यापासून सुरुवात करू नये.

बिघडलं तर

डोसात राहिलात, दट्ट्या मागे ओढून बघितलात, तर सहसा काही होत नाही. तरी चिन्हं ठाऊक हवीत: तोंडाचे स्नायू फडफडणं, थरथर, झटके, मग रक्तदाब उतरणं, नाडी मंदावणं किंवा अडखळणं. पूर्ण भुलीत झटके झाकले जातात, आणि केटामीनने स्नायू असेही फडफडतात, त्यामुळे फसगत होते. शंका आली की लोकल थांबवा, ऑक्सिजन लावा, श्वास सांभाळा. झटक्यांना डायझेपाम शिरेतून, किलोला अर्धा मिलिग्रॅम. ब्युपिव्हॅकेनने लय बिघडली असेल तर ती सुधारायला लिग्नोकेन देऊ नका, आगीत तेल पडेल. शिरेतून द्यायचं २० टक्के लिपिड इमल्शन (चरबीचं दुधाळ द्रावण) केंद्रात असेल तर किलोला १.५ मिली काही मिनिटांत सावकाश, मग मिनिटाला किलोमागे ०.२५ मिली, अर्धा तास. बारा किलोच्या कुत्रीचे हे सगळे आकडे मिलीत काढून ऑपरेशन थिएटरच्या भिंतीवर लावा. ऐनवेळी डोकं चालत नाही.

संध्याकाळचे पाच

अकरा वाजता शस्त्रक्रिया झाली. ब्युपिव्हॅकेन चार-पाच वाजेपर्यंत साथ देतं. नेमकी तीच वेळ कर्मचारी घरी जायची. दुपारी बघितलं तेव्हा कुत्री निवांत होती, सकाळी बघितलं तर कोपऱ्यात पाठ वाकवून बसलेली, मधल्या रात्रीचा हिशेब कुणाकडे नाही. लोकल देणाऱ्या केंद्रांत हा धोका उलट वाढतो, कारण दुपारची शांत कुत्री बघून सगळे निर्धास्त होतात.

त्यामुळे मेलॉक्सिकॅम लोकलच्या जागी आलेला पर्याय नाही, लोकलच्या पुढची पाळी आहे. किलोला ०.२ मिलिग्रॅम कातडीखाली, लोकल उतरायच्या बरंच आधी. जिथे सलाईन आणि रक्तदाबाची देखरेख नाही तिथे मी ते शस्त्रक्रिया संपल्यावर, रक्तस्राव नाही हे बघून देते. दुसऱ्या दिवसापासून ०.१ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. पाणी कमी झालेल्या, उलट्या करणाऱ्या, मूत्रपिंड बिघडलेल्या कुत्रीला नाही. डायक्लोफेनॅकचं नावही काढू नका. जनावरांसाठी त्याच्यावर २००६ पासून बंदी आहे. बंदी आली ती गिधाडांमुळे, पण कुत्र्याचं पोटही त्याने आतून रक्तबंबाळ होतं.

वेदना बघायची कशी? ग्लासगो विद्यापीठाचा लघु तक्ता वापरतात, एकूण २४ गुण, सहा किंवा जास्त आले की वाढीव वेदनाशामक. त्यात जखमेभोवती दाबून बघावं लागतं, कुत्रीला चालवून बघावं लागतं. भटक्या कुत्रीच्या बाबतीत पिंजऱ्याबाहेरून बघण्यावर भर द्या, कारण माणूस जवळ आला की ती दुखणं लपवते. दूर उभे राहा, दोन मिनिटं हलू नका. पाठ वाकलेली, पोट आखडलेलं, बसायला जाते आणि परत उठते, पुढचे पाय पसरून मागचा भाग वर, जखम सतत चाटते, खाणं तसंच पडलंय, ही दुखण्याची लक्षणं. शुद्धीवर येता येता ओरडणारी प्रत्येक कुत्री दुखण्याने ओरडत नसते, केटामीनच्या भ्रमातही ओरडते. मूत्राशय तुंबलंय का ते चाचपा, अंग गार पडलंय का बघा, गोणपाट घाला. जखमेजवळ हलकेच बोट लावल्यावर अंग चोरलं, तर दुखतंय असंच धरा. उगाच दिलेल्या एका ब्युटॉरफॅनॉलने फार बिघडत नाही.

घरची कुत्री असेल तर

मालकांना दोनच गोष्टी ठणकावून सांगा. घरातलं आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल 'थोडंसं' द्यायचं नाही. आणि जखमेवर बधिर करणारं मलम किंवा स्प्रे लावायचा नाही. कुत्री ते चाटते, पोटात जातं, आणि वर जखम ओली राहते. लिहून दिलेलं मेलॉक्सिकॅमचं द्रव औषध जेवणानंतर, गळ्यात जखम चाटू न देणारी कॉलर, दहा दिवस जिने आणि सोफ्यावरच्या उड्या बंद. लोकल उतरेपर्यंत ती घरी एकदम खुशीत दिसेल आणि मालक तिला फिरायला काढतील, हेही आधीच सांगून ठेवा.

केसपेपरवर औषधाचं नाव, टक्के, मिली, जागा आणि घड्याळातली वेळ लिहा. 'लोकल दिलं' एवढंच लिहिलेलं असेल तर रात्रपाळीच्या माणसाला ते कधी उतरणार हे कळायला मार्ग नसतो. आमच्याकडे 'उतरण्याची वेळ' असा वेगळा रकाना आहे, आणि त्या वेळेच्या तासभर आधी कुणी पिंजऱ्याशी जायचं त्याचं नाव शेजारी लिहिलेलं असतं.